स्पोर्टी कार आणि मोजके बजेट : टायर कसे निवडाल?

घरात स्पोर्टी कार आली, मग ती सेकंडहँड का असेना, की आठवडाभर तिचेच कौतुक चालते. सनरूफ उघडून दाखवला जातो, इंजिनाचा आवाज व्हिडिओ करून नातेवाईकांच्या ग्रुपवर जातो, शेजारचे काका बॉनेटवर हात फिरवून जातात. गाडीचे टायर मात्र कुणी वाकून बघत नाही. तुम्ही तरी शेवटचे कधी बघितले होते?

माझ्या बहिणीच्या घरी, बडोद्याला, हेच झाले. भाच्याने नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांची शिल्लक आणि थोडे कर्ज मिळून दीड लिटर टर्बो इंजिनची, १५० पीएस ताकदीची सेडान घेतली. आधीच्या मालकाने गाडी फार चालवली नव्हती, म्हणून सगळे खूश. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या पावसात सिग्नलला ब्रेक दाबला तेव्हा गाडी थांबली, पण झेब्रा क्रॉसिंग ओलांडून. समोरून सायकल घेऊन चाललेली एक शाळकरी मुलगी हातभर अंतरावर होती. कुणाला काही लागले नाही. त्या रात्री भाचा जेवला मात्र नाही.

त्याला वाटले, ब्रेक कमजोर झालेत. गॅरेजवाल्याने ब्रेक तपासले, ते ठणठणीत होते. मग तो चाकाशी उकिडवा बसला आणि टायरच्या रबरात नख रुतवायचा प्रयत्न केला. नख रुतलेच नाही. टायरवरची नक्षी चांगली पाच मिलिमीटर शिल्लक होती, दिसायला टायर नवेच वाटत होते. पण त्यावरच्या चार आकड्यांनुसार ते सात वर्षांचे होते. रबर वाळून प्लास्टिकसारखे झाले होते.

मला तोपर्यंत टायर म्हणजे काळे आणि गोल एवढेच माहीत होते. भाच्याबरोबर चार दुकाने हिंडले, वाचले, विचारले. त्यातून जे हाती लागले ते तुम्हाला सांगते.

‘समर टायर’ पावसाळ्यात चालतात का?

इंटरनेटवर शोधायला बसलात की पहिला गोंधळ इथेच होतो. स्पोर्ट्स कारसाठी ‘समर परफॉर्मन्स टायर’ घ्या असे सगळीकडे लिहिलेले असते. आपण विचार करतो, उन्हाळ्याचे टायर घेतले तर पावसाळ्यात काय करायचे? बहिणीने तर विचारलेही, “म्हणजे जूनमध्ये पुन्हा बदलायचे?”

हे नाव थंड देशांतून आले आहे. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो, तेव्हा वेगळे विंटर टायर लावतात आणि बर्फ सरल्यावर समर टायर. समर टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानासाठी बनवलेले असते. त्याखाली ते कडक पडते. आता सांगा, बडोदा, पुणे, हैदराबाद, इंदूर, बेंगळुरू इथे दिवसा गाडी चालवताना पारा सातच्या खाली किती वेळा जातो? आपल्या बहुतेक शहरांत समर टायर बारा महिने चालतात. श्रीनगर, लेह, मनालीकडे राहणाऱ्यांनी किंवा हिवाळ्यात तिकडे गाडी नेणाऱ्यांनी मात्र बर्फाचा वेगळा विचार करायला हवा. त्यांना हा लेख पुरणार नाही.

दुसरे म्हणजे, चांगला समर टायर ओल्या रस्त्यासाठीच जास्त घ्यायचा असतो. त्याच्या रबरात सिलिका मिसळलेली असते. सिलिकामुळे ओल्या डांबरावर पकड सुधारते. टायरवरच्या लांब, रुंद खाचा पाणी बाहेर फेकतात. कोरड्या रस्त्यावर साधा टायरही निभावून नेतो. खरी परीक्षा होते पहिल्या पावसाच्या तेलकट निसरड्या रस्त्यावर. तेव्हा पूर्ण गाडी चार तळहातांएवढ्या रबरावर टेकलेली असते. हो, एका टायरचा रस्त्याला लागणारा भाग साधारण तळहाताएवढाच असतो. इंजिन १५० पीएसचे असो की ३०० चे, सगळी ताकद आणि सगळा ब्रेक तेवढ्यातूनच रस्त्यावर उतरतो.

टायरच्या अंगावर काय लिहिलेले असते?

भाच्याच्या गाडीच्या टायरवर होते २०५/५५ आर १६ ९१ व्ही. आपल्याकडच्या बऱ्याच स्पोर्टी सेडानना हाच साइज येतो. तुमच्या गाडीचा साइज ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावरच्या स्टिकरवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत मिळेल. सध्याच्या टायरवरून बघू नका, कारण आधीच्या मालकाने काय लावले असेल ते सांगता येत नाही.

२०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे साइडवॉलची, बाजूच्या भिंतीची, उंची. रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे जवळजवळ ११३ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १६ इंच रिमचा व्यास. ९१ हा भार सांगणारा आकडा, त्याचा अर्थ एक टायर ६१५ किलो पेलतो. आणि शेवटचे व्ही अक्षर वेगाचे, ताशी २४० किलोमीटरपर्यंत.

हे शेवटचे अक्षर नीट लक्षात ठेवा. दुकानात स्वस्ताचा पहिला खेळ इथेच होतो. आम्हाला एकाने त्याच साइजचा एच अक्षराचा टायर दाखवला. एच म्हणजे २१०, टी म्हणजे १९०. टायरमागे आठशे रुपये कमी. वर म्हणाला, “तुम्ही काय २१० ने चालवणार आहात का?” ऐकायला बरोबर वाटते. पण हे अक्षर फक्त वेग सांगत नाही. जास्त वेगाला टायर तापतो, आणि ती उष्णता सहन करण्यासाठी तो आतून मजबूत बांधलेला असतो. व्ही दर्जाचा टायर वळणावर कमी लवतो, स्टिअरिंग अधिक नेमके लागते. गाडी बनवणाऱ्यांनी ब्रेक आणि सस्पेन्शन त्या हिशेबाने बसवलेले असतात. भार आणि वेग या दोन गोष्टी स्टिकरवर आहेत तेवढ्या किंवा त्याहून वरच्या घ्या, खाली उतरू नका.

आता ते चार आकडे. टायरवर ‘डीओटी’ने सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. १८२५ असेल तर टायर २०२५ सालच्या १८व्या आठवड्यात बनला. भाच्याच्या जुन्या टायरांवर होते २११८. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात. दिसले नाहीत तर गाडीच्या आतल्या बाजूने मोबाइलचा टॉर्च लावून बघा.

दुसऱ्या दुकानात आम्हाला चार टायरांवर चार हजारांची सूट मिळत होती. भाचा खिशातून कार्ड काढणार इतक्यात मी आकडे वाचले. टायर तीन वर्षे गोदामात पडून होते. दुकानदार म्हणाला, वापरलेले नाहीत, नवेच आहेत. तसे ते नवेच होते, पण रबराचे वय गाडीला लावल्यावर सुरू होत नाही, कारखान्यातून निघाल्यावर सुरू होते. सहा महिन्यांच्या आतला टायर मागा. वर्षाच्या आतलाही चालेल, त्यापुढे नको. काउंटरवर सांगितलेली तारीख खरी मानू नका. चारही टायर समोर आणून, स्वतः वाचूनच गाडीला चढवू द्या.

तुम्ही वर्षाला किती चालवता?

बजेटचा खरा हिशेब इथे आहे आणि बहुतेक घरांत तो उलटा केला जातो.

टायर घेताना आपण सवयीने विचारतो, “किती चालेल?” दुकानदार म्हणतो, “हा साठ हजार किलोमीटर जाईल.” आपण खूश. टॅक्सीवाल्यासाठी हा प्रश्न बरोबर आहे. पण स्पोर्टी कार घरात बहुतेक वेळा दुसरी गाडी असते. ऑफिसला दुचाकी किंवा मेट्रो, आणि ही रविवारी, सणाला, लाँग ड्राइव्हला. भाच्याने हिशेब केला तेव्हा वर्षाचे सात हजार किलोमीटर निघाले. म्हणजे साठ हजार चालणारा टायर झिजायला साडेआठ वर्षे लागतील. तोपर्यंत रबराचे काय झालेले असेल ते त्या सिग्नलवर दिसलेच होते. आधीच्या मालकानेही ‘भरपूर चालतो’ म्हणून कडक रबराचे टायर घेतले असणार. ते चाललेच नाहीत, नुसते म्हातारे झाले.

पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदलावेत, असे मोठ्या टायर कंपन्या सांगतात. आपल्याकडचे ऊन आणि उघड्यावरचे पार्किंग बघता मी सहाव्या वर्षीच बदलून टाकीन. मग सात हजारांच्या हिशेबाने पाच-सहा वर्षांत लागतात फक्त ३५ ते ४२ हजार किलोमीटर. त्यासाठी थोडे मऊ रबर परवडते. जे आयुष्य तुम्ही वापरणारच नाही त्याचे पैसे वाचतात आणि त्या पैशांत पकड मिळते.

रबर किती मऊ हे ढोबळमानाने सांगणारा ‘ट्रेडवेअर’ नावाचा आकडाही अनेक टायरांवर कोरलेला असतो. ही पद्धत अमेरिकेची. टेक्सासमधल्या सॅन अँजेलो इथे ठरलेल्या रस्त्यांवर टायर पळवून त्यांची झीज मोजतात आणि १०० आकडा दिलेल्या नमुन्याच्या टायरशी तुलना करतात. आकडा जितका मोठा तितका टायर टिकाऊ, आणि बहुधा कडक. शर्यतीच्या ट्रॅककडे झुकणारे टायर २०० च्या आसपास असतात, रस्त्यावरचे चांगले स्पोर्टी टायर ३०० ते ३४० च्या घरात, तर आरामात लांब पल्ला गाठणारे टायर ४००, ५०० आणि त्याच्याही पुढे. पण हा अंतिम आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एका कंपनीचा ३२० आणि दुसऱ्या कंपनीचा ३४० यांवरून भांडत बसू नका. एकाच कंपनीच्या दोन टायरांत निवड करायची असेल तर तो कामाचा.

त्याच ओळीत ‘ट्रॅक्शन’ असते, एए, ए, बी किंवा सी. ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावर टायर किती धरतो याची ती खूण. एए सगळ्यात वरचा दर्जा. ए चालेल. बी लिहिलेला टायर स्पोर्टी गाडीला लावू नका, दुकानदार काहीही म्हणो.

तुम्ही रोज साठ-सत्तर किलोमीटर चालवत असाल तर मात्र वरचा सगळा हिशेब बदलतो. वर्षाला वीस हजार पडत असतील तर मऊ टायर दोन वर्षांत संपेल. मग ४०० च्या आसपासचा, ओल्या पकडीला चांगला असलेला टूरिंग टायर घ्या आणि वळणावरचा थोडा मोह सोडा.

देशी टायर घ्यावेत का?

भाच्याच्या मनात एक परदेशी टायर होता. अमेरिकेतल्या यूट्यूबवाल्याने त्याला पैसा वसूल म्हटले होते. तो इथे मिळालाच नाही. कारण आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली. परवाना घेतल्याशिवाय टायर आणता येत नाहीत. त्यामुळे तिकडच्या ‘सर्वोत्तम दहा’ याद्या आपल्या कामाच्या नाहीत. कुणी आडमार्गाने आणलेला टायर देत असेल तर त्यावर आयएसआय खूण आहे का ते आधी बघा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कार टायरवर ती सक्तीची आहे.

देशी टायर म्हणजे कमी प्रतीचे, हा समज आता जुना झाला. २०२२ मध्ये सरकारने अधिसूचना काढून टायरांसाठी ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि घर्षण यांचे किमान निकष लागू केले. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके या कंपन्यांकडे आज स्पोर्टी गाड्यांसाठी वेगळे टायर आहेत. अपोलोने २००९ मध्ये नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन ही जुनी कंपनी विकत घेतली आणि २०२१ पासून त्या नावाचे टायर भारतात विकायला काढले. परदेशी नावांपैकी मिशेलिन, ब्रिजस्टोन, योकोहामा, काँटिनेंटल यांचेही कारखाने भारतात आहेत.

२०५/५५ आर १६ या साइजमध्ये ढोबळमानाने साडेसहा-सात हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत एक टायर पडतो. शहर, कंपनी आणि दुकानाप्रमाणे भाव बदलतो. माझे मत विचाराल तर मधल्या पट्टीतला घ्या, पण चारही एकसारखे आणि ताजे. दोन महागडे पुढे आणि दोन जुने मागे, असे करू नका. ओल्या वळणावर मागचे आधी सुटले की गाडी गिरकी घेते आणि ती सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. पैशाअभावी दोनच घेता येत असतील तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. हे ऐकून पुष्कळ टायरवालेही मान हलवतात, पण टायर कंपन्यांचा सल्ला हाच आहे.

जीएसटीचेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या नव्या टायरांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत सात हजार असेल तर टायरमागे सातशे रुपये वाचतात. भाच्याने जूनमध्येच घेतले होते, त्यामुळे सप्टेंबरात ही बातमी वाचून त्याने मला जो फोन केला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

पैसे कुठे वाया जातात?

मोठ्या अलॉयमध्ये. १६ इंचाच्या जागी १७ इंच आणि २२५/४५ चे टायर लावले की गाडी फोटोत झकास दिसते. चाकाचा एकूण व्यासही जवळजवळ तेवढाच राहतो. पण साइडवॉल ११३ वरून १०१ मिलिमीटरवर येते. खड्ड्यात आदळल्यावर मार झेलायला रबर कमी आणि रिम जवळ. साइडवॉलला एकदा फुगा आला की तो दुरुस्त होत नाही, टायर फेकावाच लागतो. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. अलॉयचे पैसे वेगळे. त्याच पैशांत त्याच साइजचे एक पायरी वरचे टायर येतात.

सेकंडहँड टायर तर नकोच. घासून गुळगुळीत झालेल्या टायरवर नव्याने खाचा कोरून विकणारे असतात. कोरताना आतल्या थराला धक्का लागतो. बाहेरून ते ओळखू येत नाही.

बॅलन्सिंग आणि व्हील अलाइनमेंटवर मात्र काटकसर करू नका. ते नीट नसेल तर नवा टायर एका कडेने झिजतो. टायर चढवताना ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आहे का, किंवा फिरण्याची दिशा दाखवणारा बाण बरोबर आहे का, हे उभे राहून बघा. घाईत उलटे बसवलेले टायर मी स्वतः पाहिले आहेत. जुन्या टायरांचे काय करायचे तेही भाव ठरवतानाच बोला. बहुतेक दुकाने ते ठेवून घेतात आणि थोडे पैसे कमी करतात.

हवा आणि उन्हाळा

टायर फुटण्याचे खापर आपण उन्हावर फोडतो. ऊन असतेच, पण बहुतेकदा मूळ कारण कमी हवा असते. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्या वाकण्याने आतून तापते, आणि तासाभराच्या वेगानंतर फाटते. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० पर्यंत मुभा आहे. ७०१ किलोमीटरचा हा सलग रस्ता बहुतांश काँक्रीटचा आहे. तिथे टायर फुटून इतके अपघात झाले की २०२३ मध्ये परिवहन विभागाने गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली. ताशी १०० वरून १२० वर गेलात की गाडीतली गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. ती थोपवायला तेच चार तळहात.

हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा आणि स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच भरा. गाडी पूर्ण भरलेली असेल तर त्यासाठीचा वेगळा आकडा तिथेच असतो. लांबचा प्रवास करून दुपारी पंपावर थांबलात आणि हवा जास्त दाखवते म्हणून काढलीत, तर संध्याकाळी ती कमी पडेल. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब एक पीएसआयने वाढतो, हे टायर बनवणाऱ्यांनी धरलेलेच असते. नायट्रोजनसाठी जादा पैसे द्यायचे तर द्या. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून दोनदा तपासणे जास्त उपयोगी.

नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आले की मर्यादा संपली. स्पोर्टी गाडीने पावसाळ्यात तिथवर वाट बघू नये. ३ मिलिमीटर उरले की पाणी बाहेर फेकायची ताकद बरीच घटलेली असते. म्हणून बदलायचेच असतील तर मे महिन्यात बदला. दिवाळीची सूट बघत पावसाळा काढू नका.

भाच्याने शेवटी एका देशी कंपनीचे ३४० ट्रेडवेअरचे, ए दर्जाचे टायर घेतले. बनवून दहा आठवडे झाले होते. बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून खर्च ३५ हजारांच्या आत बसला. पहिले तीनशे किलोमीटर त्याला हळू चालवायला लावले, कारण नव्या टायरवर साच्यातून काढण्यासाठी लावलेला निसरडा थर असतो, तो घासून जावा लागतो. आवाज जुन्यांपेक्षा थोडा जास्त येतो, गचकेही जरा जाणवतात. बहिणीची तक्रार आहे की मागच्या सीटवर पाठ दुखते. मऊ पकडीच्या स्पोर्टी टायरकडून ती अपेक्षा ठेवा.

ऑगस्टच्या एका मुसळधार संध्याकाळी अहमदाबादहून ९३ किलोमीटरच्या एक्स्प्रेसवेने आम्ही परत येत होतो. पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला. भाच्यानेही मारला. गाडी सरळ रेषेत थांबली, ट्रकच्या बरीच मागे. कुणी काही बोलले नाही, बहिणीने फक्त पर्समधून बडीशेप काढून सगळ्यांना दिली.

डिकीतली स्टेपनी अजून २०१८ सालचीच आहे. तो म्हणतो, ती तर कधी वापरलीच नाही. त्यावरून आमचा वाद चालू आहे.